डोळ्याचा पापुद्रा परत येईपर्यंत

मी डॉक्टर नाही. तरी ताडकळसच्या आसपासच्या गावांत मला सगळे डॉक्टरसाहेब म्हणतात, आणि गेली बारा वर्षं मीही ते गुपचूप चालवून घेतलं आहे. मी पशुधन पर्यवेक्षक. गायीम्हशींना इंजेक्शनं देणं, कृत्रिम रेतन करणं, अडलेली वासरं सोडवणं, कानात बिल्ले मारणं हे माझं काम. माझ्याकडे पदवी नाही, पदविका आहे, पण म्हशीने ती कधी मागितलेली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात या ‘साहेब’ शब्दाचा मोठा हात आहे.

आता आजार म्हणावा तर तो आजारही नव्हता. उणे साडेपाचचा चष्मा होता. तो घालवायला गेलो आणि डावा डोळा घालवून बसण्याची वेळ आली. ज्यांना लेझर करून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. करू नका, असं मी सांगणार नाही. ते सांगणारे आमच्या गावात पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या एकानेही डोळ्याचा दवाखाना आतून पाहिलेला नाही.

चष्म्याचे दिवस

चष्मा लावून पुस्तक वाचता येतं, भाषण ठोकता येतं, लग्नात अक्षता टाकता येतात. गोठ्यात मात्र चष्मा टिकत नाही. म्हशीच्या मागे उभं राहिलं की ती शेण-मुताने भिजलेलं शेपूट तोंडावर मारते आणि चष्मा उडून मोरीत पडतो. तो धुवायचा कुठे, तर त्याच गोठ्यातल्या टाकीत.

एकदा एका वाडीवर बाबाराव नावाच्या शेतकऱ्याची म्हैस अडली होती. माझा उजवा हात खांद्यापर्यंत आत होता आणि डावा वासराच्या पायाला बांधलेल्या दोरीवर. घामाने चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. बाबारावांनी माया दाखवून बोटाने तो वर सरकवला. त्याच बोटाने नुकतीच त्यांनी तंबाखू मळली होती. चुन्याचा पांढरा ठिपका बरोबर काचेच्या मधोमध बसला.

“साहेब, तुमाला दिसायलंय का न्हाई?” त्यांनी विचारलं.

“आत अंधारच हाय बाबाराव. तिथं कुणालाच दिसत न्हाई.”

वासरू जगलं. पण त्यांचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. दहा पावलांवरची जोडी गायींची की बैलांची हे ज्याला चष्म्याशिवाय कळत नाही, त्याच्या हातात लोक आपली जनावरं देतात. त्या आठवड्यात मी ठरवलं.

पेंडीची पोती

आधी मी एका मोठ्या शहरातल्या चकचकीत हॉस्पिटलात गेलो. आत शिरताच भिंतीवरून पाणी पडत होतं. आमच्याकडे मार्चनंतर एवढं पाणी पाहून माणसाला अपराधी वाटतं. चारी बाजूंना हसऱ्या लोकांचे फोटो. सगळे चष्मे हवेत फेकत होते. ते पडले कुठे आणि उचलले कुणी, याचा फोटो नव्हता.

कोट घातलेल्या एका मुलीने मला तीन पॅकेजं समजावून सांगितली. सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम. सरकी पेंडीच्या पोत्यांवरही हीच नावं असतात, आणि अनुभव असा की आतली पेंड एकच असते. सर, दुसऱ्या दिवशी तुम्ही ऑफिसला, असं ती चारदा म्हणाली. माझं ऑफिस कसलं आहे, हे तिने एकदाही विचारलं नाही. मी पत्रक खिशात घालून बाहेर पडलो.

काम काय करता?

मग नांदेडला गेलो. दवाखाना लहान. डॉक्टर साठीच्या घरातल्या बाई, केस पांढरे, बोलणं तुटक. सगळे त्यांना मॅडम म्हणतात, मीही तेच म्हणेन. त्यांनी डोळ्यांची मापं घेतली, कागद पुढे ओढला आणि पहिला प्रश्न विचारला, “काम काय करता?”

मी सांगितलं. म्हशीच्या शेपटाचंही सांगितलं. त्या हसल्या नाहीत, लिहून घेतलं.

“हे बघा,” त्या म्हणाल्या, “डोळ्याच्या पुढे एक पारदर्शक काच असते. लेझर त्या काचेला नवा आकार देतो, म्हणजे चष्म्याचं काम डोळाच करतो. एका प्रकारात त्या काचेचा वरचा थर झडपेसारखा कापून उचलतात, खाली लेझर मारतात, झडप मिटवतात. माणूस दोन दिवसांत कामाला लागतो. पण झडप ती झडपच. जोराचा फटका बसला तर वर्षांनंतरही सरकू शकते.”

“मग आमच्यासारख्याने काय करायचं?”

“तुमच्यासाठी जुना प्रकार बरा. झडपच नाही. सगळ्यात वरचा नाजूक पापुद्रा पुसून काढायचा आणि तिथेच लेझर मारायचा. पापुद्रा चार-पाच दिवसांत आपला आपण परत येतो. शिवाय तुमची काच जरा पातळ आहे, तिलाही हेच मानवेल. पण ते चार-पाच दिवस चांगलंच दुखतं. नजर पूर्ण बसायला तीन महिने लागतात. तोवर गोठा बंद.”

“दुखण्याची सवय आहे मॅडम.”

“कुणाच्या? म्हशींच्या?”

या बाईंवर विश्वास ठेवावा असं मला तेव्हाच वाटलं.

दहा मिनिटं

शस्त्रक्रियेबद्दल सांगण्यासारखं फार थोडं आहे. डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकतात. पापण्या चिमट्याने उघड्या ठेवतात. काहीतरी गार लागतं, मग पुसल्यासारखं वाटतं. तो पापुद्रा. वर हिरवा दिवा असतो, त्याच्याकडे पाहत राहायचं. दुखत काहीच नाही. भीती मात्र वाटते, कारण समोर चाललेलं सगळं दिसत असतं आणि डोळे मिटून घ्यायची सोय काढून घेतलेली असते.

मग टकटक आवाज येतो आणि वास. वासरांची शिंगं डागताना येतो तोच करपल्याचा वास. खोलीतल्या कुणाला तो माझ्याइतका ओळखीचा नसेल. आजवर मी तो दुसऱ्याच्या डोक्याचा घेतला होता.

शेवटी जखमेवर पट्टी म्हणून एक मऊ लेन्स बसवली आणि काळा चष्मा दिला. निघताना मॅडमनी बोट वर केलं. “मी देते आहे ते थेंब आणि गोळ्या. त्याशिवाय डोळ्यात एक थेंबही जाणार नाही. साधं पाणीसुद्धा नाही.”

बायकोने, वर्षाने, मान डोलावली. मीही डोलावली. माझी मान बारा वर्षं सरकारी बैठकांत डोलते आहे, तिच्यावर फार भरवसा ठेवू नये.

बाजाराचा दिवस

दुसऱ्या दिवशी ताडकळसचा बाजार. म्हणजे पंचक्रोशीतले सगळे आपसूक दारात. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला न जाणं हा गुन्हा आहे, आणि त्याला झोपू देणं हा त्याच्या खालोखालचा. माझा काळा चष्मा पाहून अर्धे लोक उंबऱ्याबाहेरच थांबले.

“डोळे आले का साहेब? आमी इथूनच बोलतो.”

उरलेले आत आले, बिस्किटाचे पुडे ठेवले आणि ज्या ज्या माणसाचा डोळा गेला होता त्याची हकिकत सांगून गेले. एक जण तर म्हणाला, “देवानं दिलेल्या चिजेला हात लावूच न्हाई.” त्याचे सगळे दात कवळीचे होते.

आणि दुखणं? पहिल्या दिवशी बधिरपणा होता, आता तो उतरला. तुरीचा भुसा डोळ्यात भरून वरून पापणी शिवावी तसं वाटत होतं. पाण्याच्या धारा लागल्या होत्या. दार किलकिलं झालं तरी उजेड सुईसारखा आत घुसायचा. उजवा डोळा तरी माणसात होता. डावा माझं काही ऐकत नव्हता.

आई येऊन उशाशी बसली. “आरं, शेजारची रुक्मीण बाळंतीण हाय. तिच्या दुधाचे दोन थेंब मागून आणते. ल्हानपणी तुझे डोळे त्यानंच निवले व्हते.”

मी उठून बसलो आणि तिला व्याख्यान दिलं. उघडी जखम म्हणजे काय, जंतू म्हणजे काय, ज्याचं शिक्षण नाही त्यात हात का घालू नये. चांगलं दहा मिनिटं बोललो. आई निमूट ऐकून गेली.

दुपारी वर्षा दळण आणायला गेली. घरात कुणी नव्हतं. माझी कामाची बॅग खुंटीवर होती. भिंतीला चाचपत गेलो. बॅगेत भुलीच्या औषधाची कुपी असते. शिंगं काढताना, टाके घालताना जनावराची जागा बधिर करायला मी ती रोज वापरतो. ती कुपी हाताला नुसत्या स्पर्शाने कळते.

मी स्वतःला काय सांगितलं ते लिहितो, कारण तुम्हीही असंच काही सांगाल. मी म्हणालो, मॅडमनी काल हेच तर घातलं होतं. औषध तेच, डोळा तोच. मी काही अडाणी नाही. नवी सिरिंज घेतली, सुई काढली, डाव्या डोळ्यात दोन थेंब सोडले.

क्षणभर आग झाली, मग सगळं शांत. इतकं शांत की मला रडू आलं. पुढचे दोन दिवस दुखायला लागलं की मी थेंब टाकत होतो, वर्षाची पाठ वळली की. किती वेळा ते मोजलं नाही. कुपी उशीच्या अभ्र्यात ठेवली होती.

पाचवा दिवस

पाचव्या दिवशी मॅडम लेन्स काढणार होत्या. उजवा डोळा पाहून त्या म्हणाल्या, “छान. पापुद्रा मिटला.” मग डाव्यापाशी आल्या. यंत्र मागेपुढे केलं. एक पिवळा थेंब घालून पुन्हा पाहिलं.

“हा पहिल्या दिवसाइतकाच उघडा आहे. कडा राखाडी झाल्यात. डोळ्यात आणखी काय टाकलंत?”

“काही नाही.”

“नीट आठवा.”

“काहीच नाही मॅडम.”

मागच्या स्टुलावर वर्षा बसली होती. पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला आणि मग टेबलावर काच ठेवल्याचा.

“हे टाकायलेत,” ती म्हणाली. “अभ्रा धुवायला काढला तवा घावलं. आज सकाळी.”

मॅडमनी कुपी उजेडात धरली, लेबल वाचलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू बोलल्या.

“बधिर डोळा पापणी मिटत नाही, पाणी सोडत नाही. आणि या औषधाखाली नवा पापुद्रा धरतच नाही, उलट मरतो. म्हणून आम्ही हे फक्त टेबलावर वापरतो, घरी कधीच देत नाही. आणि हे तर डोळ्यासाठी बनवलेलंही नाही. इथे जंतू शिरला तर कायमचा पांढरा डाग पडेल. मग चष्मा लावूनही दिसणार नाही. कळतंय?”

कळत होतं. चष्म्यात मला स्वच्छ दिसायचं. मी नंबर घेऊन आलो होतो आणि डोळा देऊन जायच्या बेतात होतो.

“उपाय?”

“हे बंद. नवी लेन्स, साधे थेंब, आणि रोज मला दाखवायचं. नांदेडलाच राहा. दुखेल. ते दुखणं म्हणजे डोळा काम करतोय.”

बाहेर आल्यावर वर्षाने रिक्षा थांबवली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, “मला तुमच्या डोळ्याचं भ्या न्हाई वाटत. तुमच्या तोंडाचं वाटायलंय. आईला शिकवलात आन् मॅडमच्या तोंडावर खोटं बोललात. कामून?”

उत्तर होतं, पण ते रिक्षात देण्यासारखं नव्हतं. डॉक्टरसाहेब चुकत नसतात, एवढंच ते उत्तर.

भावी आमदारांचे उपकार

आठ दिवस आम्ही वर्षाच्या मावशीकडे राहिलो. मागची खोली, खिडकीवर गोधडी टांगलेली. पहिले तीन दिवस मी माणूस नव्हतो. मॅडमला शिव्या दिल्या, लेझर शोधणाऱ्याला दिल्या, पाण्याची भिंत बांधणाऱ्यालाही दिल्या. त्या शिव्या देताना मला जरा बरं वाटत होतं, म्हणून तुम्हालाही सुचवतो. दुखतंय हे कबूल करणं आणि आपण हरलो हे कबूल करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली खुशाल करावी. दुसरी करायची काही गरज नाही.

रोज सकाळी दवाखाना. मॅडम एकच शब्द बोलायच्या, “उघडा.” म्हणजे जखम अजून उघडी. दुसऱ्या दिवशी, “उघडा.” तिसऱ्या दिवशीही.

परतल्यावर वर्षा मला पेपर वाचून दाखवायची. मला वाचल्याशिवाय दिवस जात नाही हे तिला ठाऊक होतं. पण बातम्या वाचून ती कंटाळली आणि वाढदिवसाच्या जाहिरातींवर आली. कुणा भावी आमदाराचा वाढदिवस होता, पान भरून.

“ऐका. कार्यसम्राट. विकासपुरुष. गोरगरिबांचा कैवारी. तरुणांच्या हृदयाची धडकन.”

“वय किती दिलंय?”

“वय न्हाई दिलं. खाली शुभेच्छुक हायत, सत्तावीस. फोटोत सगळ्यांनी काळे चष्मे घातलेत.”

“त्यांचाही पापुद्रा गेला असंल.”

“न्हाई,” ती म्हणाली, “त्यांचा लय जाड असतोय.”

मी हसलो. हसताना डोळ्यातून घळाघळा पाणी आलं आणि डावा डोळा ठणकला. कुपी सापडल्यापासून ती पहिल्यांदा माझ्याशी हसून बोलली होती. रिक्षातल्या तिच्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा दिलं. साहेबकीचं. ती म्हणाली, “ठावं होतं. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.”

चौथ्या दिवशी मॅडम यंत्रातून बराच वेळ पाहत राहिल्या. “अर्धा मिटलाय.”

सातव्या दिवशी, “मिटला.”

मग खुर्ची मागे सरकवून म्हणाल्या, “पण मधे धूसर डाग आहे. थेंब चालू राहतील, डोळ्याचा दाब तपासत राहू. किती जाईल, किती राहील, आज सांगत नाही. तीन महिन्यांनी बघू.”

सांगितलं होतं

गावात परतलो तेव्हा बातमी आधीच पोचली होती. सांगितलं होतं साहेब, असं मला इतक्या लोकांनी ऐकवलं की एवढ्यांनी कधी सांगितलं होतं हेच आठवेना. कवळीवाले गृहस्थ खास आले. “आता पस्तावायलाव ना?”

“शस्त्रक्रियेचा न्हाई,” मी म्हणालो. “उजव्या डोळ्यानं तुमच्या गळ्यातल्या ताइताची कडी दिसायलीय. तुटत आलीय, बदलून घ्या.”

पस्तावा होता तो कुपीचा आणि त्या ‘काही नाही’चा. तो माझा मी बाळगीन. पण लोकांना तुम्ही दुसराच पस्तावा करावा असं वाटतं. धाडस केल्याचा. तो मी कुणाला देणार नाही. आईला मात्र मी सांगितलं, तू दूध टाकलं असतंस तर कदाचित कमी बिघडलं असतं. ती म्हणाली, “टाकलं नसतंच मी. तू येवढं समजावलंस ना.”

तीन महिने गोठा बंद. जनावरांच्या दवाखान्यात बसून मी लसीकरणाची रजिस्टरं भरली. बाबाराव एकदा दारात येऊन म्हणाले, म्हैस गाभण हाय, तिची वेळ येईपर्यंत बरे व्हा. मी रोज सकाळी उजवा डोळा झाकून डाव्याने समोरच्या भिंतीकडे पाहायचो. भिंत कधी भिंत असायची, कधी धुकं.

तक्ता

तीन महिन्यांनी मॅडमच्या खोलीत बसलो. वर्षा मागे, नेहमीच्या स्टुलावर. उजवा डोळा झाकला आणि समोरचा अक्षरांचा तक्ता उजळला. मी वाचायला लागलो. मोठी अक्षरं, मधली, बारीक, मग शेवटची ओळ. एकही अक्षर न अडखळता.

मॅडमनी पेन उचललं. “उत्तम. म्हणजे गोठ्यात जायला हरकत नाही.”

मागून काही आवाज आला नाही. पर्सची चेन नाही, खाकरणंही नाही. हे वर्षाला कळणं शक्यच नव्हतं.

“मॅडम, खोडा ते.”

“काय झालं?”

“तक्ता पाठ झालाय. कितीदा बसलोय इथे. शेवटच्या दोन ओळी मी वाचल्या नाहीत, म्हटल्या. दुसरा लावा.”

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. हो, त्यांना स्वतःला चष्मा आहे. बटण दाबलं. नवी अक्षरं आली. मी सावकाश उतरत गेलो. शेवटून दुसऱ्या ओळीत एक चुकलं, बाकी बरोबर. शेवटच्या ओळीत नुसत्या मुंग्या होत्या.

“ही नाही दिसत.”

“हं.” त्यांनी लिहिलं. “आता खरं आहे. डाग बराच फिका झालाय. वर्षभराने हलका लेझर पुन्हा मारून ती ओळ मिळते का बघता येईल.”

“आणि न मारता गोठ्यात जाता येईल?”

“येईल. धूळ असेल तिथे साध्या काचेचा गॉगल लावून.”

“मग पुन्हा काही नको. ती ओळ मी घालवली, मीच तिच्यावाचून राहीन. वरच्या सगळ्या माझ्या आहेत.”

मॅडम मागे वर्षाकडे बघून म्हणाल्या, “तुम्हाला पटतंय का हे?”

“पटतंय,” वर्षा म्हणाली. “फकस्त कागदावर लिवून द्या. ओळ दिसत न्हाई म्हून. गावात ह्यांना लोक पुन्हा साहेब म्हणायले की ईसरतील.”